चौथी पेटी

१

माझ्या पोरानं पालींसाठी घरात एसी बसवला. पालींसाठी. हे वाक्य नुसतं मनात आलं तरी अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

मी रामकिशन. वीज खात्यात चौतीस वर्षं लाईनमन होतो. पाथरीत बसस्टँडच्या मागं आमचं तीन खोल्यांचं घर आहे. मे महिन्यात खांबाचं लोखंड हाताला चटके देतं, तरी लोकांचे पंखे फिरावेत म्हणून चढलो. दोन वर्षांमागं दैवशालाला, माझ्या बायकोला, ऊन लागलं. तीन दिवस सलाईनवर होती. तेव्हा आमचा एकुलता एक शिवशंकर पुण्याहून फोनवर म्हणाला, "अण्णा, तिला दुपारचं बाहेर पडू देऊ नका." झालं, एवढंच. आणि या फेब्रुवारीत कंपनी त्याला सहा महिने जर्मनीला पाठवणार म्हटल्यावर हाच पठ्ठ्या गाडी करून आला, मागच्या खोलीत एसी लावला आणि त्याखाली चार काचेच्या पेट्या मांडल्या.

पेट्या दोन-दोन फूट उंच, आत रोपं, वाळक्या फांद्या. तीन पेट्यांत एकेक पाल. क्रेस्टेड गेको म्हणतात म्हणे, कुठल्याशा लांबच्या बेटावरची जात. वीतभर लांब, मातकट, डोळ्यांवर पापण्यांसारखी काटेरी झालर. पण खऱ्या पापण्या नाहीतच. डोळ्यात धूळ गेली की जीभ काढून डोळा चाटतात. त्यांना नावंही होती: मँगो, कोको, बिस्किट. चौथ्या पेटीत रोप होतं, फांदी होती, खाण्याची वाटी होती. पाल नव्हती.

"ह्याच्यात काय हाय?" मी विचारलं.

"काही नाही अण्णा. रिकामी आहे."

पण त्यानं भिंतीला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं: सकाळ-संध्याकाळ चारही पेट्यांत पाण्याचा फवारा. खोली सव्वीसच्या वर तापता कामा नये. दिवसाआड खाण्याची पावडर दह्यासारखी कालवून चारही वाट्यांत. दोन्ही ठिकाणी 'चारही' या शब्दाखाली रेघ मारलेली.

"रिकाम्या पेटीत खायला कामून ठेवायचं?"

"असू द्या हो. सवय राहू द्या."

कुणाची सवय, हे विचारायच्या आत बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. शिवा आईच्या पाया पडायला वाकला तेव्हाही त्याचे डोळे पेट्यांवर होते.

२

दोन महिने मी त्या खोलीत पाय ठेवला नाही. दैवशालाच सगळं करायची. आधी तिनंही नाक मुरडलं, "इस्स, पाल का पाळायची चीज हाय?" मग एकदा बिस्किटानं तिच्या बोटावरची पावडर चाटली आणि बाईसाहेब पाघळल्या. मला जेवायला वाढताना त्यांच्याच गोष्टी. "शेपटीला हात लावायचा न्हाई बरं का. आपल्या पालीची तुटली तर परत येती, ह्यांची येत न्हाई. लय नाजूक जात हाय." मी म्हणायचो, भाजीत मीठ न्हाई. ती म्हणायची, शिवाचं हाय म्हणल्यावर आपलंच झालं की.

एप्रिलात पारा बेचाळिसावर गेला तेव्हा मी हरलो आणि त्या थंड खोलीत जाऊन बसलो. पालींच्या मेहरबानीवर गार वारा खायचा, याची लाज वाटली. बसल्या बसल्या चौथ्या पेटीतली वाटी दिसली. स्वच्छ होती.

"ही वाटी धुतलीस का?"

"न्हाई. खाल्लं की."

"कुणी?"

"काय की बाई. पर दर बारीला संपतंय." ती शांतपणे बिस्किटाच्या पेटीची काच पुसत होती.

मुंग्या असतील, मी म्हटलं. पेटीभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली. वाटी पुन्हा साफ. मग घरातली एखादी साधी पाल फटीतून शिरत असेल. तेव्हा लक्षात आलं, घरात साधी पालच राहिली नव्हती. ट्यूबलाईटमागं कायम तीन-चार असायच्या. आता पाखरं बिनधास्त ट्यूबला चिकटलेली असायची आणि खायला कुणी येत नव्हतं.

मीटरला मारायची शिशाची सीलं माझ्याकडं डबाभर पडून आहेत. मी चौथ्या पेटीच्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या, दाराच्या कडीतून तार ओवली आणि पकडीनं सील दाबलं. माझं सील न तोडता मीटर उघडणारा माणूस तालुक्यात जन्मला नाही. दुसऱ्या दिवशी सील जसंच्या तसं होतं. वाटी लख्ख होती. जिभेनं चाटलेलं भांडं कसं दिसतं ते मला ठाऊक आहे, आमच्याकडं मांजर होतं. ही चाटलेली नव्हती. तळाला गोल गोल रेघा होत्या, बोटानं निपटून खाल्ल्यावर उमटतात तशा.

मी सील तोडलं. मला जे समजत नाही त्याचा मला आधी राग येतो, भीती मागून येते. त्या दिवशी नुसता राग आला. शिवाला फोन लावून विचारलं, "त्या पेटीत काय ठिवलंस तू?" तो म्हणाला, "अण्णा, मीटिंगमधे आहे," आणि ठेवला.

३

मे लागला. दैवशाला दुपारी त्याच खोलीत गहू निवडत बसायची, मी खुर्चीत पेपर वाचायचो. एकदा ती म्हणाली, "आज जेवणाच्या टायमालाच लाईट जाणार बगा."

चुक् चुक् चुक्.

तिनं सुपातला हात काढला, फरशीवर बोटानं तीनदा टकटक केलं आणि म्हणाली, "कृष्ण कृष्ण."

आमच्याकडं सगळेच करतात. बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं ठरतं, म्हणून बोटानं टकटक करायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, बोलण्यावर शिक्का मारल्यासारखं. दैवशालाला हे तिच्या आईकडून आलं. तिचं बोट तिच्याही आधी हलतं.

एक वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली. मी हसलो. मे महिन्यात पाथरीत लाईट जाणार हे सांगायला पाल कशाला लागते? पण आवाज माझ्या डोक्यातून जाईना. शिवानं कागदावर लिहिलं होतं की या पाली क्वचितच ओरडतात. मग मी ताडलं, एसीच्या स्टॅबिलायझरमधली रिले टिकटिकत असेल. दुसऱ्या दिवशी स्टॅबिलायझर बंद करून खुर्चीत बसलो. दैवशाला आपल्या नादात बोलली, "मालनबाईच्या सुनंला ह्या बारीला पोरगी हुईल." चुक् चुक् चुक्. मी तिन्ही पाली पाहिल्या. पानाआड झोपलेल्या होत्या, एकीचाही गळा हलला नव्हता. चौथ्या पेटीच्या काचेला कान लावला. आत काही नव्हतं. पण काच कानाला कोमट लागली, बाकीच्या तीन गार होत्या.

मालनबाई आमची शेजारीण. तिच्या सुनेला चौथ्या दिवशी पोरगी झाली. आता पोरगा नाहीतर पोरगी, दोनच तर असतात. असं मी स्वतःला समजावलं, आणि समजवावं लागतंय म्हणून चिडलो.

दैवशालाचं मात्र सुरूच झालं. गहू निवडता निवडता ती एकेक वाक्य सोडायची आणि थांबायची. कधी आवाज यायचा, कधी नाही. ती अंदाज सांगते आहे की मागते आहे, हे मला कळेनासं झालं. शनिवारी ती हमखास म्हणायची, "उद्या शिवाचा फोन येईल." चुक् चुक् चुक्. टकटक. कृष्ण कृष्ण. आणि जो पोरगा वर्षानुवर्षं सणावाराला फोन करत नव्हता, त्याचा दर रविवारी दुपारी फोन यायला लागला. व्हिडिओवर. दैवशालाचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. ते माझं चुकलं.

४

त्या रविवारी तिनं आबोली रंगाचं पातळ नेसलं, केस विंचरले. फोन आला. मी मोबाईल धरला, ती पेट्यांजवळ उभी राहिली.

"शिवा, जेवलास का रे?"

"हो. अण्णा, जरा डावीकडं घ्या. मँगोची कात निघालीय का?"

"थंडी हाय का रे तिकडं?" दैवशाला पुढं झाली. "वाळल्यावानी दिसायलास. रातच्याला नीट..."

"आई, जरा बाजूला हो ना. काच दिसत नाही."

ती बाजूला झाली. लगेच झाली, भिंतीला चिकटून उभी राहिली, पदर आवळून, चुकल्यासारखी. चौथ्या पेटीवर मोबाईल आला तेव्हा शिवा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "छान. मोठी झालीय," आणि फोन ठेवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मोबाईल गादीवर आपटला.

"मोठी झाली म्हणं! काय मोठी झाली रे भाड्या, पेटी? माय समोर उभी हाय ती दिसंना ह्याला?"

"आवं, जाऊ द्या," दैवशाला म्हणाली. "लांब हाय लेकरू."

"लांब न्हाई, मेलाय! ज्याला माय दिसत न्हाई तो माझा पोरगा न्हाई. माझा शिवा मेला. संपला!"

चुक् चुक् चुक्.

दैवशाला पेट्यांशेजारच्या टेबलाला टेकून उभी होती. तिचं बोट टेबलावर तीनदा वाजलं. टक, टक, टक. मग तिनं स्वतःच्या बोटाकडं पाहिलं. दुसऱ्या हातानं ते बोट गच्च धरलं, मोडून टाकायचं असल्यासारखं. देवाचं नाव तिच्या तोंडून निघालंच नाही.

"कामून वाजवलंस?" मी ओरडलो. "अगं कामून वाजवलंस?"

"हाताला सवय हाय ओ," ती म्हणाली. "तुमी कामून बोललात?"

मी आणखी ओरडलो.

५

त्याच संध्याकाळी फोन लावला. रिंग वाजत राहिली. सोमवारी लावला, मंगळवारी लावला. बुधवारी बंद लागला. कामात असेल, मी म्हणत होतो. माझं बोलणं आणि त्याचं फोन न उचलणं यांचा काय संबंध? तार तुटली तर खालचा दिवा विझतो, मधे काहीतरी जोडलेलं असावं लागतं. इथं काय जोडलेलं होतं? सातासमुद्रापलीकडचा माणूस आणि एका रिकाम्या पेटीतला आवाज. मला माझीच चीड आली.

गुरुवारी दुपारी पंकजा नावाच्या मुलीचा फोन आला. लातूरची, त्याच्याच कंपनीत, तिकडंच होती.

"काका, शिवशंकर रविवारपासून दिसला नाही. आज पोलिसांनी खोलीचं दार तोडलं. आतून कडी होती."

"मग?"

"आत कुणी नाही. बूट दारात, फोन उशीपाशी. तिसरा मजला आहे काका, आणि खिडकीची कडीपण आतून लागलेली. पोलीस म्हणतात, असं कसं होईल. एक विचारू का? त्याला खोलीत पाणी फवारायची सवय होती का? भिंती ओल्या होत्या. छतसुद्धा."

मी न्हाई म्हटलं. मग फोन कानाला लावून तसाच बसून राहिलो. दैवशाला दारात उभी होती.

६

मी, रामकिशन लाईनमन, ज्यानं आयुष्यात कधी मांजर आडवं गेलं म्हणून सायकल थांबवली नाही, तो शुक्रवारी सकाळी चौथ्या पेटीसमोर मांडी घालून बसलो.

"शिवा सुखरूप हाय," मी म्हणालो. बोट फरशीवर टेकवून ठेवलं होतं.

काही नाही.

"शिवाचा आज फोन येईल. शिवा जित्ता हाय. शिवाला काय बी झालं न्हाई." एकेका वाक्यानंतर थांबायचो. एसीची घरघर, बाहेर पाथरी-सोनपेठ गाडीचा हॉर्न. मी बोललो ते खोटं होतं, असंही म्हणालो. रागात बोललो. बापाला राग येतो, त्याचं एवढं काय धरून बसायचं? दुपारपर्यंत माझा घसा बसला. शिव्या घालताना पहिल्याच फटक्याला आवाज आला होता, आणि आता हात जोडले तर ढिम्म. मला त्या काचेवर थुंकावंसं वाटलं.

दैवशाला मागून आली आणि शेजारी बसली. तिचे डोळे कोरडे होते.

"तुमाला मागता येत न्हाई," ती म्हणाली. "भांडल्यासारखं मागायलात." मग पेटीकडं वळून हळूच बोलली, जशी पाळण्याशी बोलायची तशी, "शिवा कुटं गेला न्हाई. माझा शिवा घरीच हाय."

चुक् चुक् चुक्.

तिनं बोट वाजवलं. या वेळी सवयीनं नाही, जाणून वाजवलं. "कृष्ण कृष्ण," म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती. दुधात भाकरी कुस्करलेली, वर साखर. तिनं चौथ्या पेटीतली पावडरची वाटी काढून ती आत ठेवली.

"येडी झालीस का? रिकामी हाय ती पेटी!"

"व्हय का?" ती माझ्याकडं वळली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं. "तुमीच बोललात, तुमीच मारलात त्याला. आता मला येडी म्हणायलात. रिकामी हाय ना? मग फोडा. मी अडवत न्हाई."

संध्याकाळी वाटीत दूध नव्हतं. भाकरीचे काठ तेवढे बाजूला काढून ठेवले होते, शिवा पोर असताना काढायचा तसे.

७

शनिवारी दुपारी दैवशाला मालनबाईकडं बाळाला न्हाऊ घालायला गेली. मी हत्यारांच्या पिशवीतून मोठा पाना काढला.

आधी मँगो, कोको आणि बिस्किटाच्या पेट्या उचलून समोरच्या भिंतीशी नेऊन ठेवल्या, काच उडून लागायला नको म्हणून. रागाच्या भरातही मी एवढं केलं, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं. मग चौथीसमोर उभा राहिलो आणि पाना डोक्यावर नेला. आत रोप होतं, फांदी होती, वाटी होती. मी तीन-तीनदा पाहिलं. पेटी रिकामी होती.

रिकामी होती तर हात खाली यायला पाहिजे होता.

चौतीस वर्षांत मी कधी हातावर अविश्वास दाखवला नाही. तार जिवंत आहे की मेलेली, हे टेस्टर लावायच्या आधी माझ्या हाताला कळायचं. आणि तो हात वरच थांबला होता. मी स्वतःला शिव्या घातल्या. शिवाला घातल्या. पालींना, जर्मनीला, त्या कागदावरच्या 'चारही'ला. घाम गळून डोळ्यात गेला. खोलीत सव्वीस डिग्री होती आणि मी घामानं निथळत होतो. हात खाली आला तो पाना सोडूनच. पाना फरशीवर पडला, फरशीचा टवका उडाला.

संध्याकाळच्या फवाऱ्याची वेळ होत आली होती. दुसरं काही सुचेना म्हणून मी बाटली उचलली आणि चौथ्या पेटीच्या दाराच्या फटीतून फवारा मारला. एकदा, दोनदा, पाच वेळा. काच आतून पांढरी झाली, रोप दिसेनासं झालं.

मग आतून कुणीतरी काच पुसली. सावकाश, तळहातानं पुसतात तशी.

पुसलेल्या जागेतून जे दिसलं ते मी दैवशालालाही पुरतं सांगितलेलं नाही. क्षणभरच दिसलं, पाण्याचे थेंब लगेच ओघळून आले. त्याच्या डोळ्यांना पापण्या नव्हत्या. खालचा ओठ आत ओढून दातांत धरला होता. लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की शिवा असाच उभा राहायचा, दारात, मी रागावेन की जवळ घेईन याचा अंदाज घेत.

धावत जाऊन दैवशालाला हाक मारायला पाहिजे होती. ती दोनच घरं पलीकडं होती. पण माझ्या छातीत जे सहा दिवस साचलं होतं ते आधी वर आलं, आणि मला दुसरं काही बोलता येत नाही, कधी आलंच नाही. खुर्ची ओढून काचेला गुडघे लागतील इतक्या जवळ बसलो.

"मायला बाजूला हो म्हणतूस व्हय रे?" मी म्हणालो.